रिकाम्या खोलीतला कूलर

बुधवारी दुपारी पाऊण वाजता ‘ललिता वाळवण’ ही वेबसाइट बंद पडली. जीवितहानी झाली नाही. घटनेच्या वेळी ही वेबसाइट पाहणारी जगात तीन माणसे होती: मी, माझी पत्नी ललिता आणि शेजारचे श्रावण इंगळे. तिघेही अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, आमच्या बैठकीतल्या एकाच दिवाणावर बसलो होतो.

मी निवृत्त होईपर्यंत इथल्या एका दैनिकात रोज रात्री पान छपाईला सोडण्याचे काम केले. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही, ही सवय अजून गेलेली नाही. म्हणून मी श्रावणभाऊंना त्यांच्या मोबाइलवर पाहायला सांगितले. तिथेही पांढरा पडदा आणि गोल फिरणारे चाक होते.

“गेली,” श्रावणभाऊ म्हणाले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत. बंद पडलेल्या वस्तूबद्दल बोलताना त्यांचा आवाज आदराने खाली जातो.

ललिता काम करतच राहिली. तिच्या हातात सरगुंड्याची काडी होती. कणकेची बारीक पट्टी या काडीवर गोल गोल गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि राहिलेली पोकळ वेटोळी उन्हात वाळवायची, की झाला सरगुंडा. आमच्या वऱ्हाडात तो आंब्याच्या रसासोबत खातात. वऱ्हाडाबाहेर तो काय आहे हे समजावून सांगावे लागते, आणि वेबसाइटची गरज तिथूनच निर्माण झाली.

पुण्यात प्रणाली नावाची एक बाई वऱ्हाडी खाद्यपदार्थांची दुकाने चालवते. मूळची परतवाड्याची. तिने कोणाकडे तरी ललिताचे सरगुंडे खाल्ले आणि फोन केला. तिला दुकानात ठेवायचे होते, पण तिचे दोन भागीदार पुण्याचेच. त्यांनी सरगुंडा पाहिलेला नव्हता. “काकू, तुमची वेबसाइट असली ना, की त्यांना वाटतं हा खरा व्यवसाय आहे,” ती म्हणाली. “फोटो पाहून ठरवतील. चवीचं नंतर.”

ललिताने आयुष्यभर वाळवण केले आणि आयुष्यभर वाटले. नणदेला एक डबा, भाच्याच्या लग्नात एक पिंप, माझ्या संपादकांना दरवर्षी एक पिशवी. परत आलेल्या डब्यात कोणी साखर घालून पाठवली तर तीच कमाई. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “ज्याच्या घरच्या लग्नात आपण जेवलो नाही, अशा माणसानं माह्ये सरगुंडे इकत घेतलेले मले एकदा पाह्यचे हायेत.”

यानंतर माझ्यासमोर पर्याय नव्हता.

वेबसाइट ठेवण्यासाठी कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रावर जागा घ्यावी लागते. त्याला होस्टिंग म्हणतात. मी रीतसर तुलना केली. पहिली कंपनी अमर्याद जागा देत होती आणि खाली बारीक अक्षरात अमर्यादची मर्यादा सांगत होती. दुसरी पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट होती. दुसऱ्या वर्षीचा भाव शोधण्यात माझी एक पूर्ण सकाळ गेली आणि तो सापडल्यावर दुपारही गेली. तिसरी कंपनी नव्व्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के वेळ वेबसाइट चालू राहील अशी हमी देत होती. उरलेला एक दशांश टक्का नेमका कधी, दुपारी की रात्री, हे मी त्यांच्या सीमा नावाच्या मदतनीस मुलीला लिहून विचारले. तिने “तुमची अडचण आम्ही समजू शकतो” असे उत्तर दिले. मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा समजून घेतले. शेवटी यंत्र कुठे ठेवले आहे असे विचारल्यावर मात्र तिने एका शब्दात सांगितले: सिंगापूर.

श्रावणभाऊंनी हे ऐकून मान हलवली. “वामनराव, सिंगापूरहून लाइन येईन तं मधात समुद्र हाये. खाऱ्या पाण्यात जॉइंट टिकत नाई. माह्यी अख्खी नोकरी गेली त्याच्यात.”

“तुम्ही समुद्रात काम केलंय का?”

“दर्यापूरले केलं ना. तिकडच्या विहिरीचं पाणीबी खारंच हाये.”

पुरवठा जितका जवळून तितका चांगला, हा त्यांचा सिद्धांत होता. आणि जवळ कोण, हा प्रश्न निघाल्याबरोबर ललिताने काडीवरून मान वर केली. “घरात जवाई असताना सिंगापूरले काहून जाता?”

आमचे जावई अंकुरराव अकोल्याला असतात. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांचे घर आहे. खाली कॉम्प्युटरचे दुकान आणि माडीवरच्या एका खोलीत त्यांचा स्वतःचा सर्व्हर. एक वधू-वर सूचक मंडळ आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे एक दुकान यांच्या वेबसाइट त्यावर आधीपासून होत्या. “मामाजी, परक्या ठिकाणी कावून जाता, आपलं घरचंच मशीन आहे,” ते मला म्हणाले, आणि दोन दिवसांत वेबसाइट तयार करून दिली. सरगुंड्यांचे फोटो चांगले आले होते. परातीच्या कडेला माझा चष्मा दिसत होता, तो काढायला मी सांगितले. अजून काढलेला नाही.

तर ही वेबसाइट बुधवारी बंद पडली. चार वाजता आपोआप सुरू झाली. गुरुवारी दुपारी जेवणानंतर पुन्हा बंद पडली आणि चहाच्या वेळी पुन्हा सुरू झाली. शुक्रवारी तेच. सरकारी कार्यालयातही मधली सुट्टी इतकी लांब नसते.

मी अंकुररावांना फोन केला. “अपडेट चालू असेल मामाजी,” ते म्हणाले. शनिवारी म्हणाले, “लोड आला असेल.” लोड म्हणजे एकाच वेळी खूप लोक पाहत असणे. त्या वेळी पाहणाऱ्यांत मी होतो, आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी कोणी असेल तर तो.

दरम्यान प्रणालीचा निरोप आला. येत्या गुरुवारी तिघे भागीदार एकत्र बसणार होते आणि ललिताची वेबसाइट मोठ्या पडद्यावर लावून पाहणार होते. वेळ दुपारी तीन.

मी निर्णय घेतला: वेबसाइट सिंगापूरला हलवायची. ललिताला सांगितले तेव्हा ती अनारशाचे पीठ मळत होती. यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला होता. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात नवे काही सुरू करत नाहीत, घर बदलत नाहीत, आणि जावयाला घरी बोलावून तेहतीस अनारशांचे वाण देतात.

“धोंड्याच्या महिन्यात मुक्काम हलवत नसतात,” ललिता म्हणाली.

“तो मुक्काम नाही. वेबसाइट आहे.”

“त्याच्यावर माह्यं नाव हाये ना? मंग माहा मुक्कामच झाला.” थोडा वेळ ती पीठ मळत राहिली. “आन् ज्या महिन्यात जवायाले वाण द्यायचं, त्याच महिन्यात त्याच्याकून वेबसाइट काढून घेता? लोक काय म्हणतीन?”

लोकांपैकी श्रावणभाऊ हजर होते. ते म्हणाले, “आमच्यात धोंडे-अनारसे काई नसतेत, वहिनी. बुद्धविहारातनं कोणी मना करत नाई. वेबसाइट माह्या नावावर करा, मी हलवतो. तुमच्यावर काई येत नाई.”

ही तोड ललितालाही बरी वाटली. श्रावणभाऊ कागदपत्रे घेऊन बसले. अर्ज अर्धा भरल्यावर कळले की वेबसाइट हलवण्यासाठी आधीच्या मालकाच्या मोबाइलवर एक आकडा येतो आणि तो त्याने आपल्याला सांगावा लागतो. तो मोबाइल अंकुररावांचा होता. जावयाला न दुखवता जावयाकडून निघायचे तर आधी जावयाला विचारायचे, असा तो नियम होता. श्रावणभाऊंनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि पूर्वी खात्याचे नियमही असेच होते, असे समाधानाने सांगितले.

रविवारी अंकुरराव आणि आमची मुलगी भावना धोंड्याच्या जेवणाला आले. मी मनाशी वाक्य तयार ठेवले होते: “जवाईबापू, दुपारचं जरा पाहता का?” साधे वाक्य. त्यात तक्रार नाही, क्रियापदही आदरार्थी. पण मी “जवाईबापू” म्हणालो की ललिता त्यांच्या ताटात अनारसा वाढायची. त्यांना वाटायचे मी आग्रह करतो आहे. “बस्स मामाजी,” ते म्हणायचे आणि खायचे. चौथ्या अनारशानंतर त्यांच्या प्रकृतीचा विचार करून मी गप्प बसलो.

जेवणानंतर त्यांनी स्वतःच मोबाइल काढून वेबसाइट उघडली. पांढरा पडदा, फिरते चाक. “तुमच्या इकडचं नेट स्लो आहे मामाजी,” ते म्हणाले. जेवायला बोलावलेले श्रावणभाऊ उठून घरी गेले आणि पक्कड घेऊन आले. आपल्या गल्लीच्या लाइनबद्दल ते असे ऐकून घेणाऱ्यांतले नाहीत. अंकुरराव त्यांच्यामागे खांबापर्यंत गेले. तेवढ्यात भावनाने मला स्वयंपाकघरात ओढले.

“बाबा, नेट नाही. आई आहेत.”

आई म्हणजे तिच्या सासूबाई, मैनाबाई. व्याही गेल्यापासून त्या घरातले दिवे, पंखे आणि विजेचे बिल त्यांच्या ताब्यात आहे. दुपारी जेवण झाले की झोपण्याआधी त्या घरभर फिरतात आणि जे उगाच चालू असेल ते बंद करतात. माडीवरच्या खोलीत कोणी राहत नाही. तिथे एक डबा गुणगुणतो आणि त्याच्यासमोर दिवसभर कूलर चालतो. अकोल्याचे ऊन सगळ्यांना माहीत आहे. कूलर बंद झाला की सर्व्हर तापतो आणि स्वतःच बंद होतो. चार वाजता मैनाबाई दुकानात चहा पाठवतात, तेव्हा अंकुरराव माडीवर जाऊन तो सुरू करतात. वधू-वर मंडळाची तक्रार आजवर आली नव्हती. दुपारी स्थळे कोणी पाहत नाही.

“अंकुररावांना हे माहीत आहे?”

“माहीत आहे. त्यांनी बटणावर चिठ्ठी लावली, ‘बंद करू नये’ म्हणून. आईंनी जिन्यातलं मोठं बटण बंद केलं. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती.”

“मग तू सांग ना त्यांना.”

भावनाने माझ्याकडे पाहिले. “‘तुझ्या माहेरच्या धंद्यासाठी माझ्या घरी कूलर चालतो,’ असं एकदा निघालं ना बाबा, की माझ्या पोराच्या लग्नापर्यंत ऐकावं लागते. तुम्ही सांगा.”

“मी मुलीचा बाप. मी विहीणबाईंना कूलर चालू ठेवा म्हणून सांगू?”

“मग नका सांगू,” ती म्हणाली आणि ताटे उचलायला गेली. स्वभावाने ती आईवर गेली आहे.

सोमवार आणि मंगळवार मी विचारात घालवले. अंकुररावांनी गुरुवारी दुपारी माडीवर बसावे, असे सुचवून पाहिले. पण त्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात प्रिंटर बसवायचा होता आणि तो मोठा ग्राहक होता. ललिता रोज पहाटे उठून गच्चीवर सरगुंडे पसरत होती. पुण्याला पाठवायचा नमुना तिने वेगळ्या डब्यात, पांढऱ्या फडक्याखाली ठेवला होता आणि मला त्या कपाटाकडे जाऊ देत नव्हती. बुधवारी रात्री माझ्या लक्षात आले की मैनाबाईंचा नियम स्पष्ट आहे: रिकाम्या खोलीत कूलर चालू ठेवायचा नाही. तेव्हा खोली रिकामी राहता कामा नये.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी अकोल्याला निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. खिडकीतून गरम हवा येत होती आणि मांडीवर उरलेल्या अनारशांचा डबा होता. विहिणीकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही. मैनाबाईंनी दारातच विचारले, “इवाईबुवा, अचानक? घरी सगळं बरं हाये ना?”

“सगळं बरं आहे. अनारसे द्यायला आलो.”

“इतल्या उन्हात?”

मी डबा पुढे केला. जेवण झाले. मुलीच्या घरी जेवू नये असे माझी आई म्हणायची. मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिची आठवण काढली. मग पाठ टेकतो म्हणालो आणि कोणी थांबवायच्या आत माडी चढलो. खोलीत सर्व्हर गुणगुणत होता, कूलर पाणी शिंपडत होता. बसायला एक मोडका मुढा होता. मी बसलो. अडीच वाजले होते. वेबसाइट चालू होती. आठवडाभरात त्या वेळी ती प्रथमच चालू होती, आणि मुढ्यावर बसल्या बसल्या मला हलकेसे समाधान वाटले.

जिन्यात पावले वाजली.

“अरे बाप्पा, तुमी अथी कावून बसले?” मैनाबाई दारात उभ्या होत्या. “ही काय पाव्हण्यानं बसायची जागा हाये? खाली बैठकीत एसी लावला. चला.”

“मी इथे ठीक आहे, विहीणबाई.”

“लोक म्हणतीन, इवायाले अडगळीत बसवलं. भावना काय म्हणन? उठा.”

“मला कूलरच बरा वाटतो. एसीने सांधे धरतात.”

“मंग कूलरच खाली आणतो. चाकं हायेत त्याले.” आणि त्यांनी खरोखर वाकून कूलरला हात घातला.

तीनला वीस मिनिटे कमी होती. आयुष्यभर मी लोकांच्या वाक्यांतले अनावश्यक शब्द काढले. त्या क्षणी माझे वाक्य आपोआप फार लांब झाले. ललिता, सरगुंडे, पुणे, भागीदार, मोठा पडदा, सिंगापूर, सगळे त्यात आले. शेवटी मी म्हणालो, “तो कूलर त्या डब्यासाठी आहे, विहीणबाई. तो बंद झाला की ललिताचं दुकान बंद होतं.”

मैनाबाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी सर्व्हरकडे पाहिले.

“माह्या घरात ललिता इनीचं दुकान हाये,” त्या म्हणाल्या, “आन् मलेच माहीत नाई.”

“चूक झाली.”

“अंकुर म्हणे मशीन हाये, मशीन हाये. मले वाटलं याच्या खेळायचं काई असन.” त्या मुढ्याच्या कडेला टेकल्या, मी उठून जागा दिली. “काय-काय ठेवलं म्हणता त्याच्यात?”

मी मोबाइल दाखवला. त्यांनी परात पाहिली, सरगुंडे पाहिले. “इन हाताची चांगली हाये. पण सरगुंडे जरा जाड वाटतेत.” मग स्क्रीन वर-खाली करून पाहिली. “मिरगुंड नाई ठेवले?”

“ललिता मिरगुंड करत नाही.”

“मी करतो. पोह्याचे. पिंप भरून ठेवलेत खाली.” त्यांनी पदराने कपाळ पुसले. “कूलर चालू राहू द्या. बिलाचं मी पाहीन. पण माह्या घरातलं दुकान हाये, त्याच्यात माह्यं काईच नाई, हे बरं दिसत नाई.”

यावर मी ललिताला विचारतो असे म्हणायला हवे होते. पण तीनला दहा मिनिटे होती आणि मैनाबाईंचा हात अजून कूलरच्या वायरजवळ होता. मी भावनाला हाक मारली. तिने स्टीलच्या ताटात मिरगुंड आणले, ताट खिडकीत धरले, फोटो काढला आणि अंकुररावांना पाठवला. त्यांनी प्रिंटर सोडून तिथूनच तो वेबसाइटवर चढवला. आईचा जिन्नस म्हणून सगळ्यात वर चढवला. ‘ललिता वाळवण’ या नावाखाली आता आधी मिरगुंड होते आणि त्यांच्याखाली सरगुंडे आणि माझा चष्मा.

तीन वाजता ललिताचा फोन आला. तीही अमरावतीत वेबसाइट उघडून बसली होती. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. मैनाबाई म्हणाल्या, “उचला ना, इनीचा असन.” मी म्हणालो, इथे आवाज नीट येत नाही, कूलरमुळे.

साडेतीनला प्रणालीचा संदेश आला. तो जसाच्या तसा देतो. “काका, साइट छान उघडली. पार्टनर्सना मिरगुंड एकदम आवडले, आमच्याकडे लगेच पाठवता येतील का? सरगुंड्यांचं त्यांना अजून नीट कळलं नाही. नमुना पाठवा, मग ठरवू. काकूंना सांगा.”

मैनाबाईंना मी तो वाचून दाखवला. त्या उठल्या. खाली गेल्या आणि पिंप उघडल्याचा आवाज आला.

संध्याकाळच्या एसटीत बोरगाव मंजूच्या पुढे ललिताचा सहावा फोन आला तो मी उचलला. तिने एकच विचारले, “नमुना कधी पाठवायचा?” वाटेत रेंज नाही, घरी आल्यावर सांगतो, म्हणालो.

हे लिहीत आहे तेव्हा मी मूर्तिजापूरच्या बसस्थानकावर आहे. गाडीचे एक चाक बदलत आहेत. प्रणालीचा संदेश ललिताला अद्याप कळवलेला नाही; त्यातले मिरगुंडांचे तर नाहीच. अकोल्याहून भावनाने कळवले आहे की माडीवरच्या खोलीचा दिवा आणि कूलर दोन्ही चालू असून मैनाबाई दुपारची झोपही न घेता अजून तिथेच मुढ्यावर बसून आहेत.